कडू काडीवरचं स्वागत

एप्रिल, दुसरा शनिवार. मोहर्ली, गटाचं अतिथिगृह. हजर: बुधाबाई मडावी, अध्यक्ष. शेवंता, स्वयंपाक. गटातल्या आणखी चौघी, वाढायला आणि झाडायला. मी, सचिव. सर: आमचं झाडून-पुसून झाल्यावर आणि पाहुणे येण्याच्या जरा आधी. कामाच्या दिवशी त्यांची हीच वेळ असे.

पाहुण्यांचा कार्यक्रम असला की तारीख आणि हजेरी आधी लिहायची, ही माझी सवय. कोण होतं ते लिहिलेलं असलं की नंतर "मी तं नव्हतीच तिथी" म्हणायला कुणाला जागा राहत नाही. सरांनाही मी हजेरीत घेत असे आणि ते त्यांना खपत नसे.

"मॅडम, कन्सल्टंटची हजेरी नसते."

"मग कन्सल्टंटचं जेवण असतं का?"

यावर ते चष्मा पुसत.

सर म्हणजे शाळेतले नव्हेत. 'सर' ही पदवी ते स्वतःबरोबर बॅगेत घालूनच आले होते. जंगल पाहायला येणाऱ्यांसाठी आमच्या बचत गटानं गावात चार खोल्या बांधल्या, तेव्हा चंद्रपूरच्या एका बैठकीत सांगण्यात आलं की तुम्हाला पाहुणचाराचा तज्ज्ञ मिळेल. जे मिळालं ते हे. चंद्रपूरच्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा, खिशात शाळेतल्या मुलाची पट्टी, आणि चष्म्याच्या डबीत चष्म्याऐवजी चाकू. चाकू रुमालात गुंडाळलेला. तो ते कुणाच्या हातात देत नसत. त्या चाकूनं त्यांना स्वतःला काही कापताना मी फार वेळा पाहिलं नाही, पण तो उघडून ठेवताना रोज पाहिलं.

त्यांचा सिद्धान्त एकच होता. पाहुणा दारात आला की पाच मिनिटांत त्याच्या तोंडात काहीतरी गेलं पाहिजे. "नाहीतर त्याच्या तोंडातून काहीतरी बाहेर येतं, मॅडम." आणि जे जाईल ते चुलीवर चढलेलं नको, तेलात पडलेलं नको. फळ आणि चीज, काडीला टोचून. बस.

आमच्याकडे पाहुण्याला चहा आणि आलूभजे द्यायची पद्धत. सकाळचा असेल तर पोहे, वर चण्याची तर्री. सरांना भज्याचा वाससुद्धा सहन होत नसे, निदान पाहुण्यांसमोर तरी. शेवंतानं पहिल्याच दिवशी कढई चढवली तेव्हा त्यांनी गॅस बंद केला आणि म्हणाले, "हा अपराध आहे."

शेवंता म्हणाली, "कोनाचा अपराध जी? बटाट्याचा का माह्या?"

दुसरा सिद्धान्त काडीचा. पाहुण्याचा हात ओला होता कामा नये. "ओल्या हातानं माणूस सही करत नाही." हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा बोलत की बुधाबाई त्यांच्यासमोर मुद्दाम पदराला हात पुसून अंगठा पुढं करायची. तिला सही येते. अंगठा फक्त सरांसाठी होता.

खोटं कशाला बोलू, पदार्थ वाईट नव्हते. टरबुजाचा तुकडा, त्यावर चीजचा तुकडा, मधे पुदिन्याचं पान. पिकत आलेल्या पपईला लिंबू आणि काळं मीठ, मग चीज. द्राक्ष-चीज-द्राक्ष. केळ्याचे काप भाजलेल्या तिळात घोळवून त्यावर चीज. हे मुलांना आवडे. कुणालाही जमेल असं काम. एकीनं कापायचं, एकीनं टोचायचं, एकीनं मांडायचं. पाहुणा चपला काढेपर्यंत ताट तयार. माझ्यासारखीला हे एका दुपारी समजलं. सरांनी ते शिकवायला आख्खा फेब्रुवारी घेतला, कारण प्रत्येक तुकडा पट्टीनं मोजायचा होता. तुकडा लहान-मोठा झाला तर ते तो उचलून बाजूला ठेवत आणि खेदानं मान हलवत. बाजूला ठेवलेले तुकडे संध्याकाळपर्यंत कुठं जात, हे मी विचारलं नाही. चीजचा डबा मात्र माझ्या अंदाजाच्या आधी संपे.

पदार्थांना नावं देण्यात त्यांचा निम्मा दिवस जाई. टरबूज-चीजला ते 'ताडोबा सनराइज' म्हणत. पपईला 'सनसेट'. शेवंतानं विचारलं, "अन् केळ्याले का म्हनाचं? दुपार?" त्यांनी ते खरंच लिहून घेतलं.

कधीतरी ते दुबईत होते. कोणत्या हॉटेलात, कोणत्या कामावर, हे कधी कळलं नाही. पण एक शेख होता. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या शेखनं सरांच्या हातचं टरबूज-चीज खाऊन त्यांना घड्याळ दिलं होतं. होळीच्या सुमारास त्या घड्याळाची गाडी झाली. मार्च संपताना शेखचा उंटही चीज खाऊ लागला. आम्ही कुणी अडवलं नाही. दुपारी वीज गेली की दुसरं ऐकायला तरी काय होतं? आमच्या जिल्ह्यात तयार झालेली वीज कुठं कुठं जाते देव जाणे, मोहर्लीत ती दुपारी राहत नाही. वीज गेली की सर फ्रीजजवळ जाऊन उभे राहत, दारावर तळहात ठेवत आणि "धीर धर" असं म्हणत. बहुतेक चीजला.

एकदा वनरक्षक चहाला आला. दिवसभर पायी फिरणारा, अंगावर मूठभर मांस नसलेला पोरगा. सरांनी त्याला न्याहाळलं आणि म्हणाले, "फॅट कमी करा. सायंकाळी फक्त फळं."

तो बिचारा माझ्याकडं पाहत म्हणाला, "बाई, आता अजून का कमी करू? वर्दी खाली पडन."

सरांनी त्यालाही एक काडी दिली. त्यानं द्राक्षं खाल्ली आणि चीज खिशात घातलं. साबण आहे असं त्याला वाटलं, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

सर मूळचे वरोऱ्याकडचे. पण बोलत पुस्तकासारखं. फार चिडले की मात्र "काऊन?" निघून जाई, आणि मग ते खोकून ते झाकत. आपण इथले आहोत याची त्यांना लाज वाटे आणि इथलं सगळं आपल्याला माहीत आहे असा आवही असे. एका माणसात या दोन गोष्टी एकत्र राहिल्या की तो माणूस काय करू शकतो, ते त्या शनिवारी पाहिलं.

आता त्या शनिवारचं. पुण्याची एक सहल कंपनी आपले पाहुणे राहायला पाठवण्यासाठी जागा शोधत होती. त्यांच्या मॅडम येऊन पाहणार, खाणार आणि ठरवणार होत्या. ठरलं तर मे-जूनचा मोसम आणि पावसाळ्यानंतरचा पुढचा मोसम भरलेला. नाही ठरलं तर खोल्या रिकाम्या, आणि मे महिन्यात गटातल्या बायका तेंदूपत्ता तोडायला जंगलात.

हे शेवंतासाठी काय होतं, ते सांगायला हवं. आदल्या मे महिन्यात तिची जाऊ आणि ती एकाच झुडपाच्या दोन बाजूंनी पानं तोडत होत्या. वाघानं जावेला नेलं. शेवंतानं आरडाओरडा केला, लोक जमले, बाई मिळाली. जिवंत मिळाली नाही. त्यानंतर शेवंता जंगलाकडं पाठ करून बसायची. स्वयंपाकघरात तिनं ओटासुद्धा असा निवडला की खिडकी मागं येईल. ती रडत नसे, विनोद करायची. पण मार्च लागला तशी ती मला रोज विचारू लागली, "बाई, ते पुन्यावाले येऊन राह्यले नं?" मी रोज हो म्हणत असे. घरी सासू आजारी, नवऱ्याची शेती कोरडवाहू. हे काम मिळालं नसतं तर मे महिन्यात तिला पुन्हा त्याच झुडपांत जावं लागलं असतं. जायचं नाही, असं म्हणायची तिची ऐपत नव्हती.

सरांनी ठरवलं होतं की प्लास्टिक नको, दुकानातली दात कोरायची काडीही नको. शहरातल्यांना 'नैसर्गिक' लागतं. आमच्याकडे पत्रावळी टोचायला कडुनिंबाच्या वाळलेल्या काड्या असतात, पानाच्या देठाच्या. त्या आम्ही धुऊन, वाळवून ठेवल्या. वाळलेल्या काडीला चव नसते. सरांनी स्वतः चघळून पाहिलं होतं, आम्हीही पाहिलं होतं. ताटाऐवजी पळसाची पत्रावळ. दिसायला छान होतं, हे मी मान्य करते.

दोघं येणार होते. गाडीतून उतरले सात. मॅडम, त्यांचा कॅमेरावाला, आणि बाकीचे कोण ते आजपर्यंत कळलं नाही. काड्या कमी पडल्या. मॅडम म्हणाल्या, आम्ही आधी जंगलाच्या गेटपर्यंत जाऊन येतो, मग खाऊ. म्हणजे तासभर मिळाला. सर पट्टी घेऊन टरबुजापाशी उभे होते, मी खोल्यांच्या चादरी पाहत होते. शेवंता अंगणातल्या कडुनिंबावरून हिरव्या डहाळ्या घेऊन आली, त्या बारीक चिरल्या, सोलल्या, टोचल्या आणि सगळं फ्रीजमध्ये ठेवलं. घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्या झाडाची काडी पत्रावळीत कधी कडू लागली नाही, ती आज कडू लागेल असं वाटतच नाही. टरबूज पाण्यानं भरलेलं. तासभर त्यात हिरवी काडी रुतून बसली.

मॅडमनी पहिला घास घेतला. चावताना थांबल्या.

"हे कडू आहे," त्या म्हणाल्या.

सगळे थांबले. शेवंतानं स्वतःची बोटं नाकाजवळ नेली आणि तिचा चेहरा उतरला. मी म्हणणार होते, माफ करा, दुसरं आणतो. मी एक पाऊल पुढं टाकलंही होतं.

"हो," सर म्हणाले. "कडूच असतं."

आणि मग ते थांबलेच नाहीत. "ही इथल्या आदिवासींची रीत आहे, मॅडम. फार जुनी. जंगलात शिरणाऱ्या पाहुण्याला आधी कडू देतात. तोंड कडू करून शिरलं की जंगल त्याला आपला मानतं. वाघसुद्धा वाट सोडतो. मग गोड. कडू काडी, त्यावर गोड फळ. आम्ही त्याला फक्त चीज जोडलं."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा काढला. मॅडमनी दुसरा घास डोळे मिटून चावला. दुकानात कुणी घेत नसलेली वस्तू एखाद्यानं 'देवाची' म्हणून विकावी आणि लोकांनी रांग लावावी, तसं झालं. सातही जण कडू टरबूज खात होते आणि एकमेकांकडे पाहून मान हलवत होते.

बुधाबाई स्वतः आदिवासी. ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. मॅडमनी तिच्याकडे वळून विचारलं, "आजी, खरंच का हो अशी रीत?"

बुधाबाईनं सरांकडं पाहिलं, मग शेवंताकडं. शेवंता खाली पाहत होती.

"सर सांगून राह्यले नं," बुधाबाई म्हणाली आणि पाणी द्यायला लागली.

काम मिळालं. मॅडमची एकच अट: ही कडू काडी प्रत्येक पाहुण्याला मिळाली पाहिजे, आणि ती देताना कुणीतरी ही गोष्ट सांगितली पाहिजे. स्थानिक बाईनं सांगितली तर उत्तम.

गाडी गेल्यावर सर खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच सदऱ्याचं वरचं बटण उघडलं. मी त्यांना विचारलं, "हे काय सांगितलंत?"

"स्टोरी, मॅडम. पाहुण्याला चव लक्षात राहत नाही, गोष्ट राहते."

"गोष्ट नाही, खोटं."

"काम मिळालं की नाही?"

बुधाबाई उरलेल्या पत्रावळी गोळा करत होती. ती सरांकडं न पाहता म्हणाली, "आमच्यात पाहुना आला का पाय धुवाले पानी देतेत. मंग बसाले. मंग विचारतेत, कुठून आला. कडू नाई देत जी. ह्या गावात कडू पाला चावतेत तो मातीवरून आल्यावर."

मयताला जाऊन आलं की अंघोळीआधी कडुनिंबाचं पान दातांखाली धरायचं, हे आमच्या भागात पोराटोरांना माहीत असतं. आदल्या मे महिन्यात आख्ख्या गावानं तो पाला चावला होता. त्याच अंगणातल्या झाडाचा.

सरांनी बटण पुन्हा लावलं. "तसं पाहिलं तर सगळ्याच रीती कुठून ना कुठून येतात," असं काहीतरी बोलले आणि चंद्रपूरच्या बसची वेळ विचारली. वरोऱ्याकडच्या माणसाला हे माहीत नव्हतं, असं मला कुणी सांगू नये. गोष्ट बनवायला त्यांना दोन क्षण मिळाले आणि हात घातला तो नेमका मातीवरच्या पाल्यात, कारण पाडव्याची सोडून कडुनिंबाची दुसरी कुठली रीत त्यांना आठवलीच नसणार. तिला उलटं करून त्यांनी पाहुण्यांना वाढलं.

शेवंताचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, सरांनी तिला वाचवलं. "बाई, ते म्हनू शकत होते का स्वयंपाकनीनं घोळ केला. नाई म्हनले. माह्यं नाव नाई घेतलं." मी तिला म्हटलं, त्यांनी स्वतःला वाचवलं, तू त्यांच्या सदऱ्याच्या सावलीत उभी होतीस एवढंच. ती म्हणाली, "सावली तं होती नं." या वादात मी तिच्याशी फार बोलत नाही. पण माझं मत बदललेलं नाही. ज्या माणसानं पाच महिन्यांत एक भांडं घासलं नाही, तो दुसऱ्याच्या चुकीचा भार उचलेल हे मला पटत नाही.

मी त्या दिवशी मॅडमना फोन करून खरं सांगितलं नाही. काम हवं होतं, आणि ते मिळालं. मे महिन्यात गटातली एकही बाई पानं तोडायला गेली नाही.

सर मोसम संपताच गेले. जाताना चष्म्याची डबी, पट्टी, आणि पत्रावळीसकट काढलेला स्वतःचा फोटो घेऊन गेले. आता कोकणात एका रिसॉर्टवर आहेत असं ऐकलं. तिथून मला एक चित्र पाठवलं होतं: शंखात अननस आणि चीज. खाली लिहिलं होतं, 'कोळ्यांची प्राचीन पद्धत'. मी उत्तर दिलं नाही. कोळी बांधव काय ते पाहून घेतील.

इकडे कडू काडी चालूच आहे. हिरव्या डहाळीची, कारण वाळलेली कडू लागत नाही. पहिल्या मोसमात गोष्ट शेवंताच सांगायची. तिला ती पाठ झाली: जंगल आपला मानतं, वाघ वाट सोडतो. ती सांगताना कधी अडखळली नाही. शहरातून आलेली माणसं, ज्यांना वाघ पाहायचाच असतो, ती हात जोडून तिच्याकडून काडी घेत. एकदा एका बाईंनी विचारलं, "मग तुमच्याकडे वाघ कुणाला काही करत नाही?" शेवंतानं ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि म्हणाली, "तुमाले नाई करनार बाई. तुमी गाडीत राह्यता." सगळे हसले. तीही हसली. त्या दिवसापासून गोष्ट सांगायचं काम मी दुसरीला दिलं. शेवंतानं कारण विचारलं नाही.

परवा कंपनीच्या मॅडमचा निरोप आला. नव्या मोसमाची माहितीपुस्तिका छापायची आहे. त्यात मोहर्लीच्या पानावर 'कडू स्वागता'विषयी दोन ओळी हव्यात: रीत कोणत्या समाजाची आणि किती जुनी. खाली अध्यक्षांचं नाव येईल. पुढचा करार त्याच पुस्तिकेबरोबर होणार आहे.

मी बैठक घेतली. बुधाबाई म्हणाली, "बोलाचं ते बोलून झालं. हवेत गेलं. पन छापू नको वं. आमच्या लोकाईच्या नावानं छापू नको. उद्या माह्याच नातीनं वाचलं तं ते खरं समजन."

शेवंता म्हणाली, "लिवा बाई. काई बी लिवा. मले मे मईन्यात तिथी जायाचं नाई."

बुधाबाईनं तिच्याकडं पाहिलं. शेवंताही तिच्याकडं पाहत राहिली. मग दोघी मिळून भाजी निवडायला बसल्या. बाकीच्या चौघी माझ्याकडे पाहत होत्या, कारण असल्या गोष्टी लिहिणं हे सचिवाचं काम.

ओळी सोमवारपर्यंत पाठवायच्या आहेत. पहिली लिहून झाली: 'आमच्या गावात पाहुणा आला की त्याला आधी पाय धुवायला पाणी देतात.' दुसरी व्हायची आहे.